पाखडलेली रेती

दसरा उलटला की माझा फोन गरम व्हायला लागतो. वर्षभर ज्यांना माझी आठवण येत नाही, रस्त्यात दिसलो तर नमस्कारसुद्धा अर्धाच करतात, त्या कापसाच्या जिनिंगवाल्यांना एकदम माझा लळा लागतो. "भाऊ, या वर्षी पहिले आमचं काम. चाकू, गिअरचे डबे, सगळं धाडून राह्यलो. रेती मारून पायजे." प्रत्येकाला पहिला नंबर हवा असतो. मी प्रत्येकाला "हाव, तुमचंच पहिले" म्हणतो आणि ज्याचा टेम्पो आधी दारात येईल त्याचा माल उतरवून घेतो. हा खोटेपणा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं त्याचं पाप लागत नाही. दुसऱ्या एका खोटेपणाचं लागतं, आणि त्याबद्दलच लिहायला बसलोय.

दिवस तसे छानच असतात हे. पाऊस परतलेला, पण ऊन असं की शेडच्या पत्र्याखाली ठेवलेल्या लोखंडाला हात लावला तर चटका बसतो. नांदुऱ्याच्या रस्त्यावर बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकायला लागतात, कारण गाडी भरताना कोणी हात आखडत नाही आणि बांधताना कोणी जीव लावत नाही. तेलाच्या गिरण्यांकडून सरकीचा वास येतो, थोडा खमंग, थोडा कुबट. खामगावात जन्म गेला माझा, तरी हा वास दर वर्षी नवा वाटतो. पूर्वी तो आला की अंगात हुरूप यायचा. आता छातीत गोळा येतो. तसं माझ्या छातीला काहीही झालेलं नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. जे झालंय ते वहिनींच्या छातीला झालंय.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त होऊन ओट्यावर पेपर वाचतो. घर एकच, चूल एक, आणि घराच्या मागच्या अंगाला माझं शेड. शेडमध्ये एक कॉम्प्रेसर आणि एक लोखंडी पेटी. पेटी म्हणजे उभं कपाटच म्हणा. पुढं काचेची खिडकी, खाली दोन भोकं, भोकांना आतून खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे. वस्तू आत ठेवायची, दार घट्ट लावायचं, हात घालायचे आणि पायानं पॅडल दाबायचं. हवेच्या जोरानं नळीतून दाणे सुटतात आणि गंज, जुना रंग, जळकं तेल सगळं खरवडून काढतात. आत एवढा थयथयाट चाललेला असतो आणि बाहेर उभ्या माणसाच्या सदऱ्याला डागसुद्धा पडत नाही. मला या पेटीचं फार कौतुक होतं.

लोकांना वाटतं, यात काय आहे, पॅडल दाबलं की झालं. अरे बाबा, असं असतं तर काय पाहिजे होतं! वैद्य कसा आधी नाडी बघतो आणि मग पुडी बांधतो, तसं आहे हे. बिडाची जाड वस्तू आली तर तिला गारनेटचे दाणे, लालसर आणि टोकदार, आणि हवेचा दाब ऐंशी-नव्वद पौंड. अ‍ॅल्युमिनियमचा डबा असेल तर काचेचे बारीक मणी आणि हवा निम्म्यावर. पितळेला त्याहून मवाळ हात. जुन्या गाडीचं कार्बोरेटर आलं तर अक्रोडाच्या टरफलाचा चुरा, तोही असा की आंजारल्या-गोंजारल्यासारखा. नवशिक्याला वाटतं हवा वाढवली की काम लवकर उरकतं. उरकत नाही. दाणा जास्त जोरानं आपटला की फुटतो, फुटला की तो काम करत नाही, नुसता धुरळा करतो, आणि खिडकीतून आपलाच हात दिसेनासा होतो. नळीचं तोंड जरा तिरकं धरायचं आणि हात हलता ठेवायचा, एका जागी रेंगाळलात तर वस्तूला खड्डा पडलाच म्हणून समजा. आज हे सगळं मी तोंडपाठ सांगतो. पण पहिले अकरा सीझन माझ्या वैदकीत एकच औषध होतं. रेती.

दोष पाटीला देतो मी कधीकधी. शेडवर पाटी आहे, 'सॅण्ड ब्लास्टिंग'. धंद्याचं नावच ते. सॅण्ड म्हणजे रेती, मग रेतीच वापरायची, यात विचार करण्यासारखं काय होतं? ज्याच्याकडून पेटी घेतली त्यानंही विचारलं नाही की आत काय भरणार. गिऱ्हाईक तर अजूनही 'रेती मारून द्या' असंच म्हणतं. परवा एकानं पेटीत डोकावून पाहिलं आणि मला म्हणाला, "काय भाऊ, पाटीवर रेती अन् आत काच? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" मी हसलो. त्याला काय सांगणार? पाटी खरी होती तेव्हाच सगळा घोटाळा झाला होता.

वहिनींचं माहेर पूर्णेच्या काठी, नांदुऱ्यापासून जरा आत. मी धंदा सुरू केला त्या वर्षी त्यांच्या भावानं, प्रल्हादनं, ट्रॉलीभर रेती आणून शेडच्या दारात ओतली. पांढुरकी, धुतल्यासारखी रेती. वहिनी कमरेवर हात ठेवून ढिगाकडे बघत म्हणाल्या, "माह्या माहेरची हाय बरं भाऊजी. सासरी आली हाय. नीट वागवा." मी तेव्हा बिनलग्नाचा, टगा. म्हणालो, "वहिनी, मी तं तिले नव्वद पौंडानं लोखंडावर आपटणार हाय." त्या म्हणाल्या, "तं मंग सासरच हाय ते." दादासुद्धा हसला होता, जो एरवी तिकिटाशिवाय तोंड उघडत नाही.

रेतीचं एक असतं. चार-पाचदा मारली की तिचा निम्मा भाग पीठ होतो. ते पीठ काढून टाकलं तर उरलेले दाणे आणखी चारदा वापरता येतात. मोठ्या कारखान्यांत हे करायला यंत्र असतं म्हणे, धूळ ओढून वेगळी करणारं. माझ्याकडं कुठलं यंत्र! मी चाळणीनं चाळून पाहिलं, तर चाळणीचं भोक बुजायचं. पाण्यानं धुवून पाहिलं, तर ओली रेती नळीत अडकायची. असाच वैतागून एका सकाळी अंगणात बसलो होतो आणि समोर वहिनी तूर पाखडत होत्या. सूप वर जात होतं, खाली येत होतं, मध्येच मनगटाला एक हलका झटका, आणि फोलपटं अलगद पुढून उडून जात होती. डाळ सुपात, कचरा बाहेर. मी बघत राहिलो. मग म्हणालो, "वहिनी, रेती पाखडता येईन का हो?"

ही कल्पना माझी. वहिनींची नाही, दादाची नाही, कोणाचीच नाही, माझी. आणि कल्पना इतकी झकास होती की पुढची कित्येक वर्षं मी ती लोकांना कौतुकानं सांगत होतो. जिनिंगचे मालक पाहायला यायचे. "वा! डोकं लावलं भाऊ!" म्हणायचे. लावलं खरं.

मग दर सीझनला तोच क्रम. मी पेटीतली वापरलेली रेती घमेल्यात काढायचो. वहिनी ती गच्चीवर पसरून वाळवायच्या, कारण दमट रेती पाखडली जात नाही, पीठ दाण्याला चिकटून बसतं. ऑक्टोबरच्या उन्हात दोन तासांत ती खुळखुळीत व्हायची. मग शेडच्या सावलीत गोणपाट टाकून वहिनी बसायच्या. पदर नाकावरून मागं घट्ट खोचलेला. सूप वर, सूप खाली, झटका. पांढरा धूर उठायचा, उन्हाच्या तिरपेत तो तरंगताना दिसायचा, आणि वहिनींच्या भुवया, पापण्या, केसांची बट सगळं पांढरं व्हायचं. "पाहा भाऊजी, एका दिवसात म्हातारी झाली मी," म्हणायच्या. कधी म्हणायच्या, "तुमच्यासाठी पोरगी पाहाले गेलो तं आधीच सांगून देईन मी, बाई, यायच्या घरी रेती पाखडा लागते, पीठ कमी अन् धुरळा लय." दाणे असे स्वच्छ निघायचे की ओंजळीत घेतले तर तळहाताला पीठ लागायचं नाही. मी तोवर पेटीपुढं उभा असायचो, काचेच्या अलीकडं, तोंडाला मास्क लावून. मास्क एकच होता. तो मालकाचा, म्हणजे माझा.

हे वाक्य लिहून पेन खाली ठेवलं होतं मी. चहा पिऊन आलो. चहा वहिनींनीच केला होता.

सहाव्या की सातव्या सीझनला एक एजंट आला होता. बाहेरगावचा, इस्त्रीचा शर्ट, हातात नमुन्यांच्या पिशव्या. काचेचे मणी, गारनेट, तपकिरी अ‍ॅल्युमिना, सगळं टेबलावर मांडलं. मी म्हणालो, आमच्याकडं रेती आहे, फुकटासारखी. तो म्हणाला, "साहेब, रेती नका वापरू. रेतीचा चुरा झाला की जी बारीक धूळ उठते, ती छातीत बसते. डोळ्यांना दिसते ती नव्हे, न दिसणारी. वर्षानुवर्षं तिथंच राहते." मी काय म्हणालो ते अक्षरन् अक्षर आठवतं मला. "आम्ही पूर्णेच्या रेतीत लोळून मोठे झालो बे, आम्हाले काय शिकवतो? माल खपवाले आला तं माल दाखव." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तो बिचारा खजील झाला. जाताना शेडच्या सावलीत बसलेल्या वहिनींकडं त्यानं वळून पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण माझा चेहरा बघून गाडीला किक मारून निघून गेला. मी त्याला बोलू दिलं असतं तर? नदीतली ओली रेती निराळी आणि लोखंडावर फुटून, उन्हात वाळून, सुपातून उडालेली निराळी, एवढंच तो सांगणार होता. पाच मिनिटांचं काम होतं. पण मला कोणी शिकवलेलं तेव्हा खपत नसे.

पुढं मी रेती सोडली ती काही शहाणपणानं नाही. एका तेलगिरणीच्या मालकाचा बेअरिंग बसायचा भाग मी रेतीनं खरबरीत करून ठेवला. त्यानं शेडमध्ये येऊन माझी अशी बिनपाण्याची केली की दुसऱ्याच आठवड्यात मी काचेचे मणी मागवले. वहिनींना म्हणालो, "आता सुपाची गरज नाही." त्या म्हणाल्या, "काऊन? माह्या माहेरची रेती वाईट झाली का?" लागलं होतं त्यांना, थोडंसं. अकरा सीझनचं काम एका वाक्यात सुटलं होतं, आणि निरोपाचा एक नारळसुद्धा मी दिला नाही. काम म्हणून मी ते कधी धरलंच नव्हतं. 'वहिनी, जरा हातभार लावा' एवढंच म्हणायचो मी.

आता घराला जिना आहे बारा पायऱ्यांचा. गच्चीवर जाणारा. वहिनी चढायला लागल्या की मला शेडमध्ये ऐकू येतं. चार पायऱ्या, थांबा. तीन पायऱ्या, थांबा, खोकला. मग कठड्याला धरून श्वास ओढल्याचा आवाज. कॉम्प्रेसर चालू असला तरी मला तो ऐकू येतो, दादाला समोर बसून येत नाही. पूर्वी याच जिन्यानं त्या दोन्ही हातांत रेतीची घमेली घेऊन चढायच्या आणि वर गेल्यावर शेजारणीशी गप्पा मारायच्या. गेल्या वर्षी वाळवणाचे पापड घालायलासुद्धा त्या वर गेल्या नाहीत.

खोकला सुरू झाला तेव्हा इथल्याच डॉक्टरांची औषधं झाली. मग काढे झाले. ओवा झाला, अडुळसा झाला. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी त्यांना अकोल्याला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. दादाला दवाखान्याची भीती वाटते, म्हणून मी. डॉक्टर शांत होते, सावकाश बोलणारे. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाई, काम काय करत होता तुम्ही?"

वहिनी लाजल्या. म्हणाल्या, "काम? काही नाही जी. घरीच असते मी."

"धुळीचं काही? गिरणी, खडी, खाण?"

"नाही जी. घरचंच आपलं."

"कापूस?"

तेव्हा त्यांना एकदम आठवल्यासारखं झालं. म्हणाल्या, माहेरी कापूस घरातच भरतात, पार आढ्यापर्यंत, लहानपणी आम्ही त्याच्यावरच झोपत होतो, आजही दर दिवाळीला जाते ती कापसाच्याच खोलीत निजते. डॉक्टरांनी मान हलवली. फोटोचा आणि कापसाचा मेळ त्यांना नीट लागत नसावा, कारण पुन्हा एकदा फोटोकडं पाहिलं. मग म्हणाले, तूर्त कापसापासून लांब राहा, ओढायचा पंप देतो, आणखी काही आठवलं तर सांगा.

मी बाजूच्या खुर्चीवर होतो. फोटोचं रिकामं पाकीट माझ्या मांडीवर. 'धुळीचं काही?' हा प्रश्न आला तेव्हाच मला इस्त्रीच्या शर्टवाला तो एजंट समोर दिसला, त्यानं सांगितलेलं सगळं ऐकू आलं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, डॉक्टरसाहेब, वहिनी अकरा सीझन माझ्याकडं रेती पाखडत होत्या. बस. एवढंच. नाही उघडलं. मला वाटलं, दादा काय म्हणेल? घरात दोन चुली होतील. प्रल्हाद काय म्हणेल? लोक म्हणतील, भावजयीला धुरळ्यात बसवून स्वतः काचेमागं उभा राहिला. आणि झालेलं तर काही उलटं फिरणार नाही, मग सांगून काय उपयोग? झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस गप्प बसायला किती कारणं शोधतो हो! बोलायला एकच कारण होतं आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसून धापा टाकत होतं.

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या. बाहेर कापूस फुललेला. त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्या वर्षीपासून वहिनी दिवाळीला माहेरी गेल्या नाहीत. प्रल्हादला फोनवर सांगितलं, डॉक्टरनं कापूस बंद केलाय. तिकडं दिवाळी आणि कापूस एकाच वेळी घरात येतात, त्याला इलाज नाही. तोच भाऊबीजेला इकडं यायला लागला, आईनं दिलेल्या करंज्यांचा डबा घेऊन. त्यांची आई पंच्याऐंशीच्या घरातली. तिला गाडी सोसत नव्हती. ती विचारायची, माही पोरगी काऊन येत नाही, कोणं काही बोललं का तिले? दुसऱ्या वर्षी तेच. गेल्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, आई गेली. मी वहिनींना गाडीत घालून नेलं. घर कापसानं भरलेलं होतं, ओसरीपर्यंत. वहिनी पदर नाकाला लावून अंगणातच उभ्या राहिल्या. आईला बाहेर आणलं तेव्हा त्यांनी पाहिलं. बायका म्हणाल्या, आत चल, आईच्या जागेवर दिवा लावलाय तिथं बस. त्या नाही गेल्या. तेराव्यापर्यंत राहायला नको, त्रास होईल, असं म्हणून मीच संध्याकाळी त्यांना परत आणलं. सगळे म्हणाले, दीर असावा तर असा.

मी पेटीपुढं उभा राहून कितीतरी वेळा मनात बोलून पाहिलं. मण्यांची गोणी फोडताना, हवेचा काटा लावताना. आता मी फार जपून काम करतो. अ‍ॅल्युमिनियमचा डबा आला तर आधी कोपऱ्यात एवढासा तुकडा साफ करून बघतो, मग हवा पाच पौंड वाढवतो. लोक म्हणतात, भाऊचा हात किती हलका झाला. लोखंडाची एवढी काळजी घ्यायला शिकलो मी. ही अक्कल कोणाच्या जिवावर आली, हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला संताप येतो. कोणावर काढणार? एखाद्या टेम्पोवाल्यावर काढतो.

या वर्षी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी प्रल्हादचा फोन आला. वहिनींचा आवाज मला अंगणातून ऐकू आला, "नको रे, नको, पाऊस आला तं?" मी विचारलं काय झालं. वहिनी डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, "येडा हाय तो. म्हणते, बाई, माय तं गेली, पण तू यायची बंद झाली तं घरच संपलं. या वर्षी कापूस घरात भरतच नाही म्हणते. अंगणात ताडपत्रीखाली ठेवतो. घर सारवून, धुऊन काढतो, तू ये." मग म्हणाल्या, "अवकाळी आला तं सगळा भिजन ना त्याचा. माह्यासाठी."

मी शेडमध्ये गेलो. एका जिनिंगचे चाकू आत होते, हात घातले, पॅडल दाबलं. काम होईना. हात एका जागी राहिला आणि चाकूला खड्डा पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पॅडलवरून पाय काढला, कॉम्प्रेसर बंद केला. प्रल्हाद माझ्या गप्प बसण्यापायी वर्षाचं पीक उघड्यावर टाकायला निघाला होता.

वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. दादा बाजारात गेला होता. मी खाली पायरीवर बसलो.

"वहिनी, प्रल्हादले सांगा, कापूस घरातच भर."

"मंग मी कशी जाऊ?"

"जा ना. कापसानं नाही झालं तुमाले हे."

त्यांनी मेथीची काडी मोडली. "मंग कायनं?"

"रेतीनं. तुम्ही पाखडत होत्या त्या रेतीनं."

त्या हसल्याच. "ते तं किती वर्सं झाले, भाऊजी. अन् धुरळा तं उडून जाय."

"उडून तुमच्या छातीत गेला. पदरानं नाही अडत तो. तिथंच बसते अन् मंग हळूहळू..." मी पायरीकडं बघत म्हणालो, "मीच पाखडाले लावलं तुमाले. चुकलं माहं. लय मोठं चुकलं."

वहिनी सुपाकडं बघत राहिल्या. सूप मेथीचं होतं. मग म्हणाल्या, "तुमाले तरी काय माहीत होतं तव्हा. तुम्ही काय जाणूनबुजून केलं?"

इथं थांबता आलं असतं मला. त्यांनी माफ केलं होतं, दोन वाक्यांत, मेथी निवडता निवडता. मी उठून शेडमध्ये जाऊ शकलो असतो आणि उरलेलं आयुष्य बरं गेलं असतं. पण त्यांनीच पुढं विचारलं, "तुमाले कव्हा कळलं?"

खोटं ओठावर आलं होतं. परवा कुठंतरी वाचलं, असं म्हणणार होतो.

"आपण अकोल्याले गेलो ना पहिल्यांदा, तव्हाच. डॉक्टर विचारून राह्यले होते तुमाले, तव्हा."

वहिनींचा हात थांबला. त्या मनात काहीतरी मोजत होत्या, मला ओठ हलताना दिसले. श्वास वर आला, खोकला आला, मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"तीन दिवाळ्या," त्या म्हणाल्या. "तीन दिवाळ्या माही माय दारात खाट टाकून माही वाट पाहे. अन् मी तिले फोनवर सांगो, माय, कापूस हाय, नाही येत." मग माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत त्या मला कधी 'तू' म्हणाल्या नव्हत्या. "फोन तं तूच लावून देत होता ना मले?"

"हो," मी म्हणालो. "मीच लावून देत होतो."